भरल्या सभेत सुटलेला कंप

शाळेच्या पटांगणात पंधरा ऑगस्टचा समारंभ चालू आहे. झेंडावंदन झाले, पाहुणे खुर्चीवर बसले, आणि सातवीतला एक मुलगा भाषणाला उभा राहिला. आठ दिवस घोकलेले भाषण. घरी आईपुढे म्हटले, गोठ्यात बैलांपुढे म्हटले, कुठे म्हणून अडखळला नाही. इथे मात्र ‘अध्यक्ष महाशय’ एवढे दोन शब्द बाहेर पडले आणि गाडी चिखलात रुतली. जीभ टाळूला चिकटली, हातातला कागद थरथरू लागला, कानाच्या पाळ्या लाल झाल्या, मागच्या रांगेतून कोणीतरी फिस्सकन हसले. गुरुजी बाजूने दबक्या आवाजात म्हणतात, ‘अरे, मोठ्यानं बोल की!’ आणि होता तो आवाजही गेला.

मंडळी, हा प्रसंग तुमच्यापैकी कोणी पाहिला नाही असे नाही. पुष्कळांनी तो स्वतः सोसलाही असेल. ग्रामसभेत रस्त्याचा प्रश्न विचारायचा म्हणून उठलेला माणूस, कचेरीत साहेबापुढे उभा राहिलेला शेतकरी, मुलगी पाहायला आलेल्या पाहुण्यांपुढे चहाचे कप आणणारी मुलगी, सगळ्यांची तऱ्हा तीच. कपातला चहा बशीत सांडतो तो काही मुलीच्या हाताला वळण नाही म्हणून नव्हे. पण बघणारे काय म्हणतात? मुलाला येत नाही, शेतकरी काहीतरी लपवतो आहे, मुलगी वेंधळी आहे. अंगाच्या कापण्यावरून माणसाची परीक्षा करण्याची ही खोड फार जुनी आहे. तिचा थोडा इतिहास आज तुमच्यापुढे ठेवायचा आहे, आणि त्याच्या मध्यभागी एक असा माणूस आहे की ज्याचा फोटो त्या दिवशी त्या मुलाच्या डोक्यावरच भिंतीला टांगलेला होता.

आधी थोडे मागे जाऊ. आपल्याकडच्या जुन्या पंडितांनी हा कंप, हा घाम फार बारकाईने टिपून ठेवला आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत. खिळून उभे राहणे, घाम, रोमांच, आवाज फुटणे, कंप, चेहऱ्याचा रंग पालटणे, अश्रू आणि शुद्ध हरपणे. यांतले पहिले सहा तरी आमच्या सातवीतल्या मुलाने एका मिनिटात करून दाखविले! भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन आपली अवस्था सांगतो, तीही पाहा. गात्रे गळाली, तोंड सुकले, अंगाला कंप सुटला, हातातले धनुष्य निसटू लागले. धनुर्विद्येत ज्याची बरोबरी नाही त्याच्या हातून धनुष्य निसटते, याचा अर्थ त्याला बाण मारता येत नाही असा कोणी करीत नाही.

पण न्यायसभेत मात्र तसा अर्थ केला जाई. याज्ञवल्क्य स्मृतीत खोटा वादी आणि खोटा साक्षीदार ओळखण्याच्या खुणा दिल्या आहेत. तो एका जागी स्थिर राहत नाही, ओठांचे कोपरे चाटतो, कपाळाला घाम फुटतो, चेहरा फिका पडतो, घसा कोरडा पडून बोलणे अडखळते, डोळ्याला डोळा देत नाही. वर्णन इतके हुबेहूब की लिहिणाऱ्याने कितीतरी माणसे न्यायासनापुढे उभी राहिलेली पाहिली असली पाहिजेत. चोरीच्या आळासाठी तर तांदळाचे दिव्य सांगितले आहे. देवाच्या स्नानाच्या पाण्यात भिजवलेले साळीचे तांदूळ आरोपीने चावायचे आणि पिंपळाच्या पानावर थुंकायचे. थुंकीत रक्त दिसले, टाळू सोलवटली किंवा अंग कापू लागले, तर तो चोर. यामागचा हिशेब उघड आहे. भ्यालेल्या माणसाच्या तोंडात लाळ सुटत नाही, आणि लाळेवाचून कोरडे तांदूळ चावले म्हणजे तोंड सोलवटणारच. चोराला भय असते हे खरेच. पण चोरी न केलेला, आयुष्यात प्रथमच चार पंचांपुढे उभा राहिलेला गरीब माणूस भीत नाही काय? तोही भीतो. कदाचित सराईत चोरापेक्षा जास्तच भीतो.

ही गोष्ट एका माणसाच्या ध्यानात आली होती. बाराव्या शतकाच्या सुमारास, चालुक्यांच्या कल्याणी नगरीत, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याणात, विज्ञानेश्वर नावाचे पंडित होऊन गेले. याज्ञवल्क्य स्मृतीवर त्यांनी ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. पुढे इंग्रजी अमदानीतसुद्धा वारसाहक्काचे वाद जिच्या आधाराने सुटत, तीच ही मिताक्षरा. घामाच्या आणि कापण्याच्या या खुणांपाशी आल्यावर विज्ञानेश्वर वाचकाला थांबवितात. त्यांचे म्हणणे असे की, यावरून दोषाचा नुसता संशय घ्यावा, निर्णय देऊ नये. कारण अंगात झालेला बदल त्या माणसाच्या मूळ स्वभावाचा की काही निमित्ताने झालेला, हे ओळखणे फार अवघड असते. नऊशे वर्षांपूर्वी लिहिलेले हे वाक्य आमच्या तोंडी परीक्षा घेणाऱ्यांनी आणि नोकरीच्या मुलाखती घेणाऱ्यांनी एकदा वाचावे असे मला फार वाटते. असो.

आता मुंबईच्या कोर्टात जाऊ. साल 1891 संपून 1892 लागण्याच्या सुमाराचे. स्मॉल कॉजेस कोर्टात मामीबाई नावाच्या एका बाईचा दावा चालू होता. दावा किरकोळ, तिच्या बाजूने उभा होता एक बावीस वर्षांचा, विलायतेहून नुकताच परतलेला बॅरिस्टर. हा त्याचा पहिला खटला. खटले आणून देणाऱ्या दलालाला दलाली द्यायची नाही असा त्याचा हट्ट होता, तरीही हे काम मिळाले होते. फी तीस रुपये. वादीच्या साक्षीदारांची उलटतपासणी घ्यायची म्हणून तो उठला आणि त्याच्या पोटात गोळा आला. डोके गरगरू लागले. नुसते डोके नव्हे, सारे कोर्टच गरगरते आहे असे त्याला वाटले. एक प्रश्न सुचेल तर शपथ! तो मटकन खाली बसला आणि पक्षकाराच्या माणसाला म्हणाला की हे काम माझ्याच्याने होणार नाही, तुम्ही पटेलांना द्या, माझी फी परत घ्या. पटेल वकिलांना एक्कावन्न रुपये देऊन नेमले गेले. त्यांच्या दृष्टीने हा हातचा मळ होता. आमचा बॅरिस्टर मात्र तडक कोर्टाबाहेर पडला. बाई जिंकली की हरली हेसुद्धा त्याला कळले नाही.

त्या बॅरिस्टरचे नाव मोहनदास करमचंद गांधी. ही हकिकत आपल्याला दुसऱ्या कोणी सांगितलेली नाही. 1925 सालापासून ‘नवजीवन’ पत्रात आत्मकथा लिहीत असता गांधीजींनी ती आपण होऊन सांगितली. गांधीजी धीट नव्हते ही गोष्ट आपण मुलांना सांगतो ती अर्धीमुर्धी सांगतो. अंगाची काय दशा होई, ते आपण गाळतो. आणि नेमके तेच मुलांना ऐकायचे असते.

ते पोरवयापासून लाजाळू. शाळा सुटली की घराकडे पळत सुटायचे, कारण वाटेत कोणी बोलेल, थट्टा करील ही धास्ती. 1888 साली विलायतेला निघाले तेव्हा राजकोटच्या हायस्कुलाने निरोपाचा समारंभ केला. आभाराचे चार शब्द त्यांनी लिहून नेले होते. वाचायला उभे राहिले तो डोके फिरू लागले आणि सारे अंग कापू लागले. कसेबसे दोन शब्द तोतरत उच्चारले. समोर कोण होते? परके कोणी नव्हे. आपलेच मास्तर, आपलेच सोबती.

लंडनला गेल्यावर शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीत त्यांची निवड झाली. बैठकीला नेमाने हजर, पण तोंडातून ब्र नाही. एका मित्राने थट्टा केली की माझ्याशी तर छान बोलतोस आणि बैठकीत मात्र तोंडाला कुलूप. तू म्हणजे मधमाश्यांच्या पोळ्यातला बसून खाणारा नर! पुढे एका सभासदाला मंडळातून काढून टाकण्याचा प्रश्न आला. त्या सभासदाची मते गांधीजींना पसंत नव्हती, पण निराळ्या मतापायी माणसाला काढणे त्यांना अन्यायाचे वाटले. म्हणून बोलणे भाग होते. त्यांनी आपले म्हणणे लिहून नेले; वाचण्याचा मात्र धीर झाला नाही. अध्यक्षांनी ते दुसऱ्याकडून वाचवून घेतले. त्या दिवशी त्यांची बाजू हरली. हरण्याचे दुःख नव्हते, असे ते म्हणतात. बाजू खरी होती याचे समाधान होते. पण इथे एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली असेल. लाजाळूपणामुळे माणसाचे नुकसान होते ते केवळ समारंभात शोभा होण्यापुरते नसते. न्याय्य गोष्ट बोलायची राहून जाते.

व्हेंटनर या समुद्रकाठच्या गावी तीच कथा. शाकाहाराच्या प्रचाराची सभा होती. भाषण लिहून वाचले तरी चालते, अशी चौकशीही त्यांनी आधी करून ठेवली होती. मजकूर एका फूलस्केप कागदापेक्षा जास्त नव्हता. उभे राहिले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली, हातपाय थरथरू लागले. अखेर सोबतचे मित्र मजमुदार यांनी तो कागद वाचला. मजमुदारांचे स्वतःचे भाषण मात्र झकास झाले आणि टाळ्या पडल्या. शेजारच्याला टाळ्या पडताना आपण खाली मान घालून बसणे काय असते, हे ज्याला ठाऊक त्याला ठाऊक.

आता एक नवलाची गोष्ट सांगतो. जून 1891 मध्ये मायदेशी निघण्यापूर्वी त्यांनी होबर्न रेस्टॉरंटमध्ये शाकाहारी मित्रांना मेजवानी दिली. भाषण करायचे म्हणून एक विनोदी सुरुवात घोकून ठेवली होती. ब्रिटिश पार्लमेंटात अॅडिसन नावाचे लेखक एकदा बोलायला उठले आणि तोच एक शब्द तीनदा उच्चारून पुढे अडले, अशी त्या देशात एक आख्यायिका आहे. ती सांगून सर्वांना हसवायचे आणि मग पुढे जायचे, असा बेत. पण उठल्यावर स्मरणशक्तीने दगा दिला. अडलेल्या माणसाची गोष्ट सांगताना हे स्वतःच अडले. आभाराचे एक वाक्य कसेबसे म्हणून खाली बसले. असे आत्मकथा सांगते.

परंतु त्या मेजवानीचे वृत्त ‘व्हेजिटेरियन’ नावाच्या साप्ताहिकात त्याच वेळी छापून आले होते आणि ते आज वाचायला मिळते. त्यात काय म्हटले आहे? गांधींचे भाषण मोठे डौलदार झाले, जरा बावरलेले होते इतकेच. त्यांनी पाहुण्यांचे स्वागत केले, इंग्लंडात शाकाहार वाढतो आहे याबद्दल आनंद दाखविला, मंडळाशी आपला संबंध कसा आला तेही सांगितले. म्हणजे एक वाक्य नव्हे, चांगले बऱ्यापैकी भाषण!

यांत खरे कोणते मानायचे? इतिहासाच्या अभ्यासकाला दोन कागद असे समोरासमोर आले की सामान्यतः एक खोटा ठरवावा लागतो. मला वाटते, इथे तशी गरज नाही. वार्ताहराने बाहेरून पाहिले ते लिहिले. गांधीजींनी पस्तीसएक वर्षांनी लिहिले ते आतून भोगलेले होते. बोलणाऱ्याला आपली छाती धडधडताना ऐकू येते, ऐकणाऱ्याला ती ऐकू येत नाही. अमेरिकेतील दोन मानसशास्त्रज्ञांनी 2003 साली प्रयोग करून हेच दाखविले. बोलणाऱ्याला वाटते आपली घाबरगुंडी सर्वांना स्पष्ट दिसते आहे; प्रत्यक्षात ती ऐकणाऱ्यांना त्यापेक्षा पुष्कळच कमी दिसते. एवढी गोष्ट आधी समजावून सांगितली तरी पुढचे भाषण सुधारते, असेही त्यांना आढळले. गुरुजनहो, ही युक्ती बिनपैशाची आहे.

पण मुळात हे होते तरी का? भ्यालेल्या माणसाचे तोंड का सुकावे, पाय का लटपटावे? याचे उत्तर मिळायला एकोणिसावे शतक संपावे लागले. रोंटगेन यांनी क्ष-किरण शोधले ते 1895 साली. लगेच दोनतीन वर्षांत अमेरिकेतील हार्वर्ड येथे वॉल्टर कॅनन नावाचा विद्यार्थी त्या किरणांखाली मांजरीचे पोट पाहू लागला. खाणे घातल्यावर पोट कसे हलते ते त्याला बघायचे होते. त्याला दिसले असे की, मांजर चिडली किंवा घाबरली की पोटाचे हलणे एकदम थांबते. ती शांत झाली की पुन्हा चालू होते. पुढे कॅननने सारा जन्म या शोधात घातला आणि 1915 साली त्यावर ग्रंथ लिहिला. मधल्या काळात, 1901 साली, अमेरिकेत राहणारे जपानी रसायनशास्त्रज्ञ ताकामिने यांनी मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतून निघणारा एक रस शुद्ध स्वरूपात वेगळा काढल्याचे जाहीर केले होते. तोच अॅड्रिनॅलिन.

रानात वाघ समोर आला तर शरीराने काय करावे? एकतर लढावे, नाहीतर पळावे. दोन्हींसाठी हातापायांना रक्त हवे. म्हणून मज्जातंतूंचा एक विशिष्ट संच हुकूम सोडतो, अॅड्रिनॅलिन रक्तात मिसळतो, काळीज जोराने पंप मारू लागते, श्वास वाढतो. त्या घडीला जेवण पचविण्याची निकड नसते, म्हणून पोटाचे काम थांबते आणि लाळही सुकते. घामाने अंग थंड राहते. स्नायू असे ताणले जातात की न धावता जागीच उभे राहिले तर ते थरथरतात. बैल जुंपला, कासरा सैल सोडला आणि चाकाला मात्र दगड लावून ठेवला, तर गाडी कशी हिसके देईल? तसेच हे. सभेत वाघ नसतो हे आपल्याला ठाऊक असते. शरीराला ते कोणी सांगत नाही. शंभर डोळे आपल्याकडे लागले एवढेच त्याला कळते.

लाजेने चेहरा लाल होणे हे मात्र या हिशेबात नीट बसत नाही. त्यावर चार्ल्स डार्विनने 1872 सालच्या आपल्या एका ग्रंथात स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. त्याचे म्हणणे, दुसरा आपल्याबद्दल काय विचार करतो आहे, हा विचार मनात आला की माणूस लाल होतो. आंधळी माणसेसुद्धा लाजेने लाल होतात, हे त्याने नोंदविले. याच प्रकरणात त्याने एक मजेदार हकिकत दिली आहे. एका अतिशय लाजऱ्या माणसाच्या सन्मानार्थ मेजवानी होती. आभार मानायला तो उठला आणि पाठ केलेले सारे भाषण त्याने हातवारे करीत, आवेशात, पण एकही शब्द न उच्चारता केले! मित्रमंडळी समजदार. हातवाऱ्यांवरून जिथे टाळी द्यायची तिथे त्यांनी टाळी दिली. त्या गृहस्थाला आपण मुके होतो याचा पत्ताच लागला नाही. उलट आपले भाषण आज फारच चांगले वठले, असे तो नंतर मोठ्या समाधानाने सांगत होता. असे मित्र सर्वांना मिळोत!

पुन्हा आपल्या बॅरिस्टरकडे वळू. मामीबाईच्या खटल्यानंतर त्यांनी ठरविले की, धीर आल्याखेरीज पुन्हा खटला घ्यायचा नाही. मग पोटासाठी काय करावे? इंग्रजी शिकवायला मास्तर पाहिजे, रोज एक तास, पगार महिना पंच्याहत्तर रुपये, अशी एक जाहिरात त्यांनी वाचली आणि अर्ज केला. तुम्ही पदवीधर नाही, असे सांगून त्यांना परत पाठविण्यात आले. म्हणजे, शिक्षक मंडळी, गांधीजी तुमच्या धंद्यात यायचे थोडक्यात चुकले.

1893 साली एका मुसलमान व्यापाऱ्याच्या खटल्यासाठी ते दक्षिण आफ्रिकेस गेले. नाताळातील मॅरित्झबर्ग स्टेशनावर त्यांना गाडीतून खाली उतरविले ती गोष्ट सर्वांना पाठ आहे. तिच्यानंतर थोड्याच दिवसांनी घडलेली गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही. प्रिटोरियाला पोचल्यावर त्यांनी तिथल्या हिंदी लोकांची सभा बोलाविली. एका मेमण व्यापाऱ्याच्या घरी बैठक. जमले ते बहुतेक मेमण व्यापारी, थोडे हिंदू. गांधीजी बोलायला उठले आणि बोलले. व्यापारात सचोटी ठेवा, राहणीत स्वच्छता ठेवा, धर्म आणि प्रांत यांचे भेद बाजूला ठेवून एक मंडळ काढा, तुमच्या अडचणी सरकारपुढे मांडू. आयुष्यातले हे आपले पहिले जाहीर भाषण, असे ते म्हणतात. आणि इथे पाय लटपटल्याचा, अंधारी आल्याचा उल्लेख मुळीच नाही.

काय बदलले होते? वयाने दोन वर्षे वाढले, एवढेच कारण नसावे. होबर्नच्या मेजवानीत आपण कसे बोलतो, आपला विनोद साधतो की नाही, याकडे लक्ष. प्रिटोरियात लक्ष होते समोरच्या माणसांकडे. त्यांना पायवाटेवरून चालता येत नाही, रात्री परवान्यावाचून बाहेर पडता येत नाही. शिवाय विषय विचार करून, घोळवून नेलेला होता. त्याच सभेत त्यांनी सांगितले की कोणाला इंग्रजी शिकायचे असेल तर मी शिकवीन. तिघेजण तयार झाले. एक न्हावी, एक कारकून, एक लहान दुकानदार. ज्याला शाळेने मास्तर म्हणून घेतले नाही तो त्या तिघांच्या दुकानी आणि बिऱ्हाडी जाऊन शिकवू लागला! माझी अशी समजूत आहे की भाषणापेक्षा या शिकवण्याने त्यांची भीड जास्त मोडली. पण ही माझी समजूत. गांधीजींनी तसे लिहिलेले नाही.

इथे गोष्ट संपली असती तर छान झाले असते. तशी ती संपत नाही. तीन वर्षांनी, 26 सप्टेंबर 1896 रोजी, मुंबईत त्यांची जाहीर सभा झाली. दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांची गाऱ्हाणी मांडायची होती. विषय तळहातासारखा माहीत, त्यावर पुस्तिका लिहून झालेली. पण आदल्या दिवशी मेहुणे वारले होते. त्यांच्या उशाशी कित्येक रात्री जागून घसा बसलेला, अंग शिणलेले. सर फिरोजशहा मेहता अध्यक्ष. त्यांनी आदल्या दिवशी बजाविले, भाषण लिहून काढा, आणि ते रातोरात छापवूनही घेतले. सभागृह खचाखच भरले. गांधीजी वाचायला उठले आणि अंगाला कंप सुटला. फिरोजशहा शेजारून धीर देत होते, मोठ्याने, आणखी मोठ्याने! ते सांगतात की त्या धीराने आवाज चढण्याऐवजी आणखी खोल खोल जात चालला. लंडनचे जुने मित्र केशवराव देशपांडे मदतीला आले, त्यांनी कागद हाती घेतला. पण श्रोते ‘वाच्छा! वाच्छा!’ असा गलका करू लागले. अखेर दिनशा वाच्छा उठले आणि त्यांनी भाषण वाचले. सभा एकदम शांत झाली, जिथे पाहिजे तिथे टाळ्या पडल्या, जिथे पाहिजे तिथे धिक्काराचे आवाज उठले. काम झाले.

गुरुजी, ‘मोठ्यानं बोल’ हे शब्द आपल्याही तोंडात बसलेले आहेत. फिरोजशहांचा हेतू वाईट होता असे कोण म्हणेल? पण भेदरलेल्याला मोठ्याने बोल म्हणणे म्हणजे सगळ्या सभेचे लक्ष त्याच्या आवाजाकडे, आणि त्याचे स्वतःचेही लक्ष आपल्याच आवाजाकडे वळविणे होय. अॅड्रिनॅलिनला आणखी काय पाहिजे! वाच्छांनी केले ते निराळे. त्यांनी ओझे उचलले आणि सभा पार पाडली. आणि लिहिलेला कागद होता म्हणूनच तो दुसऱ्याला वाचता आला, याबद्दल गांधीजींनी फिरोजशहांचे आभारच मानले आहेत.

पाच वर्षांनी, 1901 च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये, हेच वाच्छा अध्यक्ष होते. गोखल्यांनी खटपट करून गांधीजींचा ठराव पुढे आणविला. पाच मिनिटे मिळाली. ती पुरी होण्याआधीच घंटा वाजली. आणखी दोन मिनिटांत आटपा अशी ती सूचना. पण गांधीजींना वाटले वेळ संपली, आणि ते मनात खट्टू होऊन खाली बसले. म्हणजे बत्तिसाव्या वर्षीही घंटेने गांगरणारा हा माणूस. पुढे आत्मकथेत त्यांनी स्पष्टच लिहिले की भीड दक्षिण आफ्रिकेत गेली खरी, पण समूळ कधीच गेली नाही. अनोळखी श्रोत्यांपुढे जाताना आपण नेहमी कचरत असू. मात्र तिच्याबद्दल त्यांची तक्रार राहिली नाही. बोलण्याचे भय असल्यामुळे शब्द तोलून वापरण्याची सवय लागली, हा तिचा फायदाच त्यांनी मानला.

सगळ्यांचेच असे होते असे नाही, हेही सांगितले पाहिजे. काही माणसांचा हा त्रास इतका वाढतो की ती शाळा सोडतात, बाजारात जात नाहीत, चारचौघांत जेवत नाहीत. अमेरिकेतील मनोरोगतज्ज्ञांच्या संस्थेने 1980 साली आपल्या यादीत याला स्वतंत्र नाव दिले. त्यावर डॉक्टरी उपचार आहेत आणि त्यांचा गुण येतो. अशा माणसाला गांधीजींचा दाखला देऊन ‘तूही हो धीट’ असे म्हणत बसू नये, दवाखान्यात न्यावे.

गांधीजींचे पुढचे दिवस तुम्हांला ठाऊक आहेत. फेब्रुवारी 1916 मध्ये काशीला राजेमहाराजांपुढे त्यांच्या दागिन्यांबद्दल ते इतके परखड बोलले की सभा मोडली. 8 ऑगस्ट 1942 च्या रात्री मुंबईच्या गोवालिया टँकवर ते हिंदुस्थानीत बोलले आणि मग इंग्रजीत बोलले. ज्या शहरात मामीबाईच्या खटल्यात एक प्रश्न सुचला नव्हता आणि वाच्छांना कागद द्यावा लागला होता, तेच हे शहर.

आणि एक शेवटची सभा, आमच्या आकाशवाणीची. 12 नोव्हेंबर 1947, दिवाळीचा दिवस. कुरुक्षेत्राच्या छावणीत घरदार गमावून आलेले निर्वासित होते, आणि गांधीजींना तिथे जाता येत नव्हते. म्हणून ते दिल्लीच्या नभोवाणी केंद्रात आले. तिथे येऊन बोलण्याची त्यांची ही पहिली आणि शेवटची वेळ. समोर खुर्च्या नाहीत, चेहरे नाहीत, घंटा नाही, ‘मोठ्याने’ म्हणणारे कोणी नाही. एक चौकी, तिच्यावर बसलेले अठ्ठ्याहत्तर वर्षांचे गांधीजी, आणि पुढे ध्वनिग्राहक. हळू आवाजात ते बोलत राहिले, आणि तिकडे छावणीत कर्ण्याभोवती लोक ऐकत बसले.